डावीकडचं कडं

"ताटाची डावी बाजू म्हणजे काय परक्याचं घर आहे?" ताई मोरीपाशी उभी राहून उष्ट्या ताटालाच विचारत होती. "इकडचं चाटूनपुसून साफ आणि तिकडचं तसंच. आवडत नसेल तर तोंडानं सांगावं माणसानं."

मी तिच्या कोपराला कोपर लावून पेले पुसत होते. तिच्या स्वयंपाकघरात दोन बायका शिरल्या की तिसऱ्या माणसाला श्वास घ्यायलाही बाहेर जावं लागतं. ताट माझ्या नाकाखालीच होतं. अर्धा भात गेलेला, अर्धा शाबूत. बटाट्यांचीही तीच गत. मधली रेघ इतकी सरळ, की खडूनं आखून कापलेल्या कापडालाही मला तशी साधत नाही. माझं कपडे दुरुस्तीचं दुकान आहे, त्यामुळे सरळ रेघ दिसली की मला आधी कौतुक वाटतं. शंका मागाहून येते.

"कालही असंच?"

"काल मी ताट उचलून उलटं फिरवून ठेवलं. मुकाट्यानं उरलेलं जेवले. वर म्हणतात, आज दोनदा वाढलंस, काय विशेष?"

आम्ही दोघी हसलो. मग हसू एकदमच संपलं, आणि मी मघाशीच पुसून झालेला पेला पुन्हा पुसायला घेतला.

भावजी, म्हणजे ताईचे यजमान, काचवाले. खाली दुकान, वर घर, त्यावर गच्ची. दिवसभर खिडक्यांच्या काचा आणि आरसे कापायचे आणि अंधार पडला की गच्चीवर जाऊन पुन्हा काचेतच डोळा घालायचा. दुर्बिणीचा आरसा त्यांनी स्वतःच्या हातांनी घासून घडवला होता. "लोक माझ्या आरशात स्वतःची तोंडं बघतात," ते म्हणायचे, "मी निदान बघण्यासारखं काहीतरी बघतो."

गच्चीवर आम्ही चौघं. भावजी, मी, निवृत्त बसचालक, ज्यांना सगळे ड्रायव्हरच म्हणतात, आणि दातांचे डॉक्टर, ज्यांना भावजी दातवाले म्हणत. मी तिथे पहिल्यांदा पोचले ते वाळत घातलेल्या चादरी काढायला. भावजी म्हणाले, आलीच आहेस तर डोळा लाव. लावला. शनी होता, त्याच्या कड्यासकट, कुणीतरी बारीक सुईनं शिवून ठेवल्यासारखा. चादरी त्या दिवशी गच्चीवरच राहिल्या आणि दवानं भिजल्या. ताई अजून काढते ते. भावजी तेव्हापासून मला सुई म्हणायला लागले, टोचते म्हणून असेल किंवा धंद्यामुळे असेल. पुढचं सगळं मी त्यांच्या शेजारी उभी राहून शिकले.

आमच्यासारख्या हौशी माणसांची चित्रं गोळा करणारी एक संस्था आहे, लांब, दुसऱ्या देशात. मोठ्या दुर्बिणी एका वेळी सगळीकडे बघू शकत नाहीत. कुठल्या ग्रहावर नवा डाग उमटला, कुठे वादळ उठलं, हे कधी कधी गच्चीवरच्या माणसालाच आधी दिसतं. भावजींना एकदा गुरूवर असा डाग दिसला होता. संस्थेच्या पत्रकात छापूनही आला, पण दुसऱ्या कुणाच्या नावाखाली, कारण त्यानं आदल्या रात्रीच कळवला होता. "यांनीही पाहिला" अशा ओळीत भावजींचं नाव होतं. ते कात्रण त्यांनी चौकटीत घालून दुकानात लावलं. स्वतः चौकटीवाले, खर्च कसला. पण लावलं ते दाराच्या मागे.

गच्चीचे नियम दोन. खोडरबर वर आणायचा नाही. आणि आधी काढायचं, मग बोलायचं. प्रत्येकानं डोळा लावायचा, कोपऱ्यात जाऊन आपापलं चित्र काढायचं, सही करायची, आणि मगच तोंड उघडायचं. कारण एकानं "तिथे डाग आहे" म्हटलं की बाकीच्यांना डाग दिसायला लागतो. "डोळा फार भिडस्त असतो," भावजी म्हणत. "दुसऱ्याचा शब्द मोडवत नाही त्याला."

त्या संध्याकाळी शनी दिवेलागणीलाच चांगला वर आला होता. आम्ही एकेक करून बघितलं. ड्रायव्हर सर्वांत शेवटी जायचे, कारण त्यांना काढायला सर्वांत जास्त वेळ लागायचा; बस चालवतानाही त्यांची हीच ख्याती होती म्हणे. भावजींनी नाण्याभोवती पेन्सिल फिरवून ग्रहाचा गोल काढला, कडं काढलं, सही केली आणि कागद टेबलावर ठेवला. ड्रायव्हर समोरच्या बाजूला आपली पेन्सिल शोधत होते. त्यांनी तो कागद बघितला. नियमाप्रमाणे बघायला नको होता.

"काचवाले," ते म्हणाले, "कडं एकाच बाजूला?"

"म्हणजे?"

ड्रायव्हरनी कागद उचलून त्यांच्यासमोर धरला, आपल्याला दिसत होता तसाच, म्हणजे भावजींच्या बाजूनं उलटा. भावजी बघत राहिले. गोलाच्या एका बाजूला कडं होतं, रेघारेघांनी नीट भरलेलं. दुसरीकडे कोरा कागद.

"हे मी काढलं?"

"सही तुमचीच आहे."

भावजींनी पुन्हा दुर्बिणीला डोळा लावला. खूप वेळ. परत आले तेव्हा त्यांचा आवाज हळू झाला होता. "मी जे दिसत नाही ते कधी काढलेलं नाही. आणि जे दिसतं ते कधी सोडलेलं नाही. डावीकडचं कडं गेलंय."

मग एकच धांदल. भिंग काढून पुसलं, पुन्हा बसवलं, जागच्या जागी गोल फिरवलं. डाग भिंगावर असला तर तोही फिरतो. काही फरक पडला नाही. "भिंगात नाही," भावजी म्हणाले. ड्रायव्हरनी आपलं चित्र आता काढलं, डावीकडचं कडं जरा फिकट करून. डोळा भिडस्त असतो, आणि आमचे ड्रायव्हर डोळ्याहून. दातवाल्यांनी आपला कागद चार घड्या करून खिशात घातला. मीही माझा घातला. माझ्या कागदावर शनीचं कडं दोन्ही बाजूंना होतं, टोपीच्या काठासारखं. मला वाटलं, माझंच चुकलं. इतक्या वर्षांत त्यांचं चुकलेलं मी पाहिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दातवाले माझ्या दुकानात एक कोट घेऊन आले.

"याचं काय करायचं?" मी कोट उलटसुलट करून विचारलं. "याला काहीच झालेलं नाही."

"नाही झालेलं."

ते स्टुलावर बसले. मग म्हणाले, "त्यांचा डावा गाल बघितलात? दाढी उजव्याच बाजूची केलेली असते."

मी त्यांना ताटाचं सांगितलं. त्यांनी डोळे मिटले. काच परत घेऊन येणारी गिऱ्हाइकं आठवली मला. महिनाभर येत होती. काच डावीकडून आखूड, दर वेळी. ताई मोजपट्टीला शिव्या देत होती, तिनं नवी आणलीसुद्धा.

दातवाल्यांच्या सांगण्यावरून इस्पितळात भावजींच्या डोक्याचा फोटो काढला. मोठ्या डॉक्टरांनी ताईला आणि मला बाहेर बोलावलं. मेंदूत उजव्या बाजूला काय वाढलंय, किती पसरलंय, त्यानं त्यांना डावी बाजूच का कळेनाशी झालीय, तिथे हत्यार लावलं तर माणूस हाती का लागणार नाही, हे सगळं त्यांनी नीट समजावलं. फार चांगले होते बिचारे, दोनदा समजावलं. पुढच्या वर्षाबद्दल ताईनं विचारलं तेव्हा त्यांनी फक्त मान हलवली. इतक्यात भावजी आतून सदरा घालून आले. उजवी बाही घातलेली, डावी पाठीमागे लोंबत होती. त्यांना पत्ता नव्हता. आयुष्यभर मी बाह्या लावत आलेय. ती बाही मात्र मला उचलवेना. ताईनं उचलली, त्यांचा हात आत घातला आणि म्हणाली, "रक्तदाब आहे म्हणे. मीठ बंद."

झालं. तेव्हापासून घरात रक्तदाब राहायला आला. दातवाल्यांनी मान्य केला, ड्रायव्हरनीही. बिनमिठाचं जेवण सुरू झालं. ताई ताट मध्येच गुपचूप फिरवायची. भावजी म्हणायचे, "अळणी खाऊन शंभर वर्षं जगायचं, यापेक्षा मीठ घाल आणि पन्नास कर." ताई पाठ फिरवून गॅस पुसायची. त्या घरातला गॅस इतका स्वच्छ कधीच नव्हता.

भावजींना मात्र कशाचीच फिकीर नव्हती. त्यांना पहिल्यांदा पहिलं व्हायचं होतं. शनीचं कडं एका बाजूनं विझतंय, हे जगात कुणी कळवलेलं नव्हतं. कसं कळवेल?

"पण एकाच्या सांगण्यावर संस्थावाले छापत नाहीत," एका दुपारी ते माझ्या दुकानात येऊन म्हणाले. दारातून आत येताना डावा खांदा चौकटीला आपटला, तो त्यांनी चोळलाही नाही. "दुसऱ्या माणसाचं स्वतंत्र चित्र हवं. ड्रायव्हरचं चालायचं नाही, त्यानं माझं बघून काढलंय. मी त्याला तसं सांगितलं, तो रुसलाय. तुझं कुठंय?"

"हरवलं."

"तू? तू चिंधी टाकत नाहीस."

"हरवलं, भावजी."

"मग नवीन काढ. आज-उद्या. मला कुणी कानामागून येऊन तिखट व्हायला नकोय." ते हसले. अर्धी दाढी वाढलेल्या चेहऱ्याचं ते हसू मला नीट बघता आलं नाही. "सुई, या वेळी माझं नाव दाराच्या मागे नाही लावायचं."

ते गेल्यावर ताई आली. बहुतेक कोपऱ्यावरच थांबली होती.

"काढून टाक ना गं," ती म्हणाली. "अर्धं काढायचंय फक्त. पूर्णापेक्षा सोपं."

"आणि ते छापल्यावर? दुसऱ्या दिवशी शंभर माणसं शनीकडे बघतील आणि म्हणतील, कोण हा मूर्ख? त्यांची आयुष्यभराची चित्रं आहेत तिथे, ताई. ते लोक त्यांचं चित्र बघताना शंका घेत नाहीत."

"तोवर ते..." ती थांबली.

"तोवर ते काय?"

"तू कात्री चालव." ती शटरकडे बघत म्हणाली. "तुला कळायचं नाही. तुला काय, तू गच्चीवर मजा करायला येतेस. माझ्या ते रात्रभर शेजारी असतात."

तिनं जाताना शिवायला आलेल्या एका पडद्याचं टोक उगाच सरळ केलं. मी म्हटलं, "मग सांगूनच टाक ना त्यांना." ती म्हणाली, "तू सांग." आणि मी कात्री चालवली.

संध्याकाळी आम्ही सगळे गच्चीवर जमलो. रुसलेले ड्रायव्हरसुद्धा. ताईचे गुडघे जिना चढायला कुरकुरतात, ती सहसा वर येत नाही. त्या दिवशी चहा घेऊन आली आणि किटली खाली ठेवून दाराशीच उभी राहिली.

"पाठवायच्या आधी एक खात्री," भावजी म्हणाले. त्यांना खात्रीशिवाय झोप लागत नसे, आणि नेमकं हे आम्ही सगळे विसरलो होतो. "ड्रायव्हर, दुर्बिणीची नळी तिच्या आधाराच्या पाळण्यात अर्धी फिरवा. डोळा लावायची जागा त्या बाजूला घ्या. मी पलीकडून उभा राहून बघतो. शनी उलटा दिसेल. कडं शनीवरचंच गेलं असेल तर आता रिकामी जागा उजवीकडे यायला पाहिजे. आली की सुई आपलं चित्र काढेल आणि पाठवलं."

ड्रायव्हरनी नळी फिरवली. भावजी पलीकडे गेले, जाताना किटलीला पाय लागला, चहा सांडला. त्यांनी डोळा लावला, मग टेबलाशी बसून नाण्याभोवती पेन्सिल फिरवली, रेघा भरल्या, सही केली. चेहरा परीक्षा चांगली गेलेल्या पोरासारखा. कागद माझ्याकडे सरकवला.

"आली ना उजवीकडे?"

मी कागद बघितला. उजवीकडे कडं होतं. डावीकडे काही नव्हतं. दातवाले गच्चीच्या कठड्याकडे तोंड करून उभे राहिले.

मी भावजींचा पहिल्या दिवसाचा कागद घेतला, आजचा घेतला, दोन्हींचं वरचं टोक खाली केलं आणि त्यांच्यासमोर एकाखाली एक ठेवले. दुसरं मला काही सुचलं नाही. ताई दारातून "अगं" म्हणाली, तेवढंच.

भावजी दोन्ही कागदांकडे बघत राहिले. बोटानं एकावरची कोरी जागा चाचपली, मग दुसऱ्यावरची.

"दोन्हीकडे एकाच बाजूला," ते म्हणाले. "म्हणजे शनीवर नाही."

"नाही," मी म्हटलं.

"भिंग आपण फिरवून पाहिलं." ते स्वतःशीच बोलत होते. एकेक गोष्ट उचलून बाजूला ठेवत होते, दुकान आवरावं तशी. "मग आरसा राहिला. तो नळीबरोबर फिरतो." त्यांनी मान वर केली. "ड्रायव्हर, खरं सांगा. तुम्हालाही डावीकडचं कमी दिसतं ना?"

"हो हो," ड्रायव्हर घाईनं म्हणाले. "अगदी तसंच दिसतं, काचवाले. तुम्ही म्हणता तसंच."

ड्रायव्हरना वाटलं, आपण हात दिला. भावजींच्या अंगातली सगळी हवा त्या दोन वाक्यांनी निघून गेली.

"म्हणजे आरसाच," ते म्हणाले. "मी घासताना चुकलो. पहिल्यापासूनच चुकीचा असेल, आत्ता कळतंय." ते उठले, नळीच्या खालच्या टोकाशी गेले, तिथले स्क्रू चाचपायला लागले. "मग आधीचं काय खरं? गुरूचा डाग खरा कशावरून? सगळी चित्रं याच आरशातली. उद्या त्यांना कळवतो. सगळी बाद करा म्हणावं. माझ्या नावाचं काही ठेवू नका." त्यांचा उजवा हात स्क्रू फिरवत होता. डावा कुणीतरी तिथे विसरून गेल्यासारखा लोंबत होता. "एवढी वर्षं लोकांना खोटं दाखवत बसलो. दातवाले, हातोडी आहे खाली, फळीवर. आणा बघू."

दातवाले हलले नाहीत.

मी खिशातून माझा कागद काढला. घड्यांवर तो झिजला होता. स्क्रूवरचा त्यांचा हात धरला आणि कागद त्यांच्या उजव्या बाजूला, दिव्याखाली धरला.

"हा माझा. पहिल्या दिवसाचा. याच आरशातून काढलेला."

त्यांनी तो घेतला. मी तो त्यांच्या हातात हळूहळू फिरवला, म्हणजे आधी एक बाजू दिसावी, मग दुसरी.

"पूर्ण आहे," ते म्हणाले.

"हो."

"हरवला म्हणालीस."

दातवाल्यांनी मागे न वळता आपला कागद खिशातून काढून पुढे केला. तोही मी फिरवून दाखवला. भावजींनी ड्रायव्हरकडे बघितलं. ड्रायव्हर खाली मान घालून सांडलेल्या चहाकडे बघत होते. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायचंही त्यांना सुचत नव्हतं.

"म्हणजे आरसा चांगला आहे," भावजी म्हणाले.

"आरसा फार चांगला आहे," दातवाले कठड्याशी म्हणाले.

"तुम्हा सगळ्यांना पूर्ण दिसतंय. फक्त मला..." ते थांबले. मग माझ्याकडे वळले, अगदी शांतपणे. "सुई, काय आहे हे?"

मी तोंड उघडलं. जिभेवर रक्तदाबच आला, इतकी सवय झाली होती त्याची. तो मी गिळला आणि त्याच्या जागी दुसरा शब्द येईना.

ताई दारातून पुढे आली. सांडलेल्या चहातून, गुडघ्यांवर हात न ठेवता, सरळ. ती त्यांच्या डाव्या बाजूनं येत होती, त्यांना दिसली नाही. तेही तिच्या लक्षात आलं. ती त्यांना वळसा घालून उजवीकडे गेली, समोर उभी राहिली आणि त्यांची बाही नीट केली.

"तुमच्या डोक्यात गाठ आहे," ती म्हणाली. "काढता येत नाही. तुम्ही जाणार आहात, आणि मला ठाऊक आहे, आणि मी तुम्हाला सांगितलं नाही."